नर-मादी जनुकसंघर्षावर काम करायचंय? बडोद्याच्या मुलामुलींसाठी थोडं अनुभवाचं

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकणारी मराठी घरांतली मुलंमुली विचारतात, उत्क्रांतीत काम करायचं तर सुरुवात कुठून करू? मी ज्या कोपऱ्यात रमले, त्याबद्दल सांगते.

आधी एक फरक पक्का करा. फळमाशीत नराच्या वीर्यातली प्रथिनं मादीचं आयुष्य घटवतात. हाही संघर्षच, पण त्यात दोघांची जनुकं वेगवेगळी. आपला विषय निराळा आहे. इथे जनुक एकच, दोघांच्याही देहात असलेलं. त्याचं जे रूप नराला फळतं, तेच मादीला नडतं. त्यामुळे नैसर्गिक निवड ते रूप मुलग्यांमधून पुढे रेटते आणि मुलींमधून मागे ओढते.

हे सिद्ध कसं करायचं? चिपिंडेल, गिब्सन आणि राइस यांचा 2001 चा शोधनिबंध सावकाश वाचा. नर फळमाशीत गुणसूत्रांची आपसात अदलाबदल होत नाही, म्हणून बापाकडचा अर्धा जनुकसंच अखंड पुढे देता येतो. त्यांनी तोच अर्धा संच मुलग्यांतही घातला आणि मुलींतही. अळी असेपर्यंत जो संच एकाला चांगला, तो दुसऱ्यालाही चांगला निघाला. प्रौढपणी मात्र नेमकं उलट. एकाच जनुकसंचाचा कल वयागणिक असा पालटतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. पुढे 2007 मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी जनुकसंच पिढ्यान्‌पिढ्या फक्त नरांतूनच पुढे नेला. नर सरस झाले, माद्या मागे पडल्या. हेच एन. जी. प्रसाद नंतर मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले, म्हणजे हा विषय शिकायला परदेशीच जावं लागतं असं नाही.

हाताचं काम कंटाळवाणं वाटेल, पण त्यातूनच नजर तयार होते. पंचवीस अंश तापमानात कोशातून निघालेल्या माद्या साधारण आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर त्यांचं मीलन झालेलं असू शकतं. पुढच्या पायांवरचा काळा कंगवा दिसला की तो नर. सोबत सहसंबंध, विचरण (आकडे किती पसरलेले आहेत याचं माप) आणि आर (R) ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका; संख्याशास्त्र टाळून या विषयात काहीच हाती लागत नाही. सुट्टीत विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज जरूर करा.

प्रयोगशाळा निवडताना एक प्रश्न विचाराच: नराचं यश तुम्ही कसं मोजता? एकट्या नराला मादीजवळ सोडून मिळालेला आकडा फारसं सांगत नाही. प्रतिस्पर्धी नर सोबत हवेत, आणि कुठली पिल्लं कोणाची हे डोळ्यांच्या रंगासारख्या खुणेवरून ओळखता यायला हवं.