अडगावची रणभूमी पाहायला जाताना

नागपूरकरांना भोसलेकालीन लढाई म्हटली की सीताबर्डी आठवते. ती टेकडी शहराच्या मधोमध आहे, लष्कराच्या ताब्यातला किल्ला १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतो, आणि पाहणे तासाभरात आटोपते. १८१७ च्या त्या लढाईआधी चौदा वर्षे, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, नागपूरकर भोसल्यांची फौज अकोला जिल्ह्यातल्या अडगावसमोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी भिडली होती. ती जागा पाहायची असेल तर तयारी वेगळी लागते, कारण तिथे पाहायचे ते शेत आहे आणि प्रत्येक शेताला मालक आहे.

निघण्यापूर्वी नकाशा नीट वाचावा. इंग्रजी कागदांत ‘आर्गाम’ म्हणून येते ते तेल्हारा तालुक्यातले अडगाव बुद्रुक होय. त्याच कागदांतली ‘सिरसोली’ आणि ‘पार्टर्ली’ ही नावे शिरसोली आणि पाथर्डी या गावांची आहेत. लढाईच्या दुसऱ्या दिवशी वेलस्लीने लिहिलेला खलिता छापील संग्रहांत सहज मिळतो. तो वाचताना तिन्ही गावे उपग्रह नकाशावर खुणावून ठेवावीत. पाथर्डीच्या बुरुजावरून शिरसोलीच्या पलीकडे सुमारे दोन मैलांवर माणसांची गर्दी हलताना दिसली, आणि ती मराठ्यांची कूच करणारी फौज निघाली, असे तो लिहितो. अडगावपुढे उभी राहिलेली मराठ्यांची रांग सुमारे पाच मैल लांब होती. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, तेव्हा ‘लढाई नेमकी कुठे झाली’ असे विचारून कोणी एका शेताकडे बोट दाखवील, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. जागा पाहायची ती दिशांनी आणि अंतरांनी.

नागपूर ते अकोला हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. स्वतःची गाडी असल्यास अमरावतीमार्गे जावे. रेल्वेने अकोल्याला उतरून पुढे अकोटपर्यंत एस.टी.ने जाता येते. अकोटहून हिवरखेडच्या रस्त्याने अडगाव लागते. वाटेत वर्धा नदी ओलांडताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: अडगाव आणि त्यानंतर गाविलगडचा किल्ला हातचे गेल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक प्रांताबरोबर याच नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडावा लागला. पूल ओलांडल्यानंतरचा सगळा प्रवास त्या गमावलेल्या मुलखातून होतो.

जाण्याचा काळ शक्यतो नोव्हेंबरअखेरचाच निवडावा. यामागे तारखेची हौस आहेच, पण खरे कारण उजेडाचे आहे. दिवसभराची चाल करून थकलेल्या सैन्याला घेऊन वेलस्लीने उतरत्या उन्हात हल्ला चढवला, अंधाराने पाठलागावर मर्यादा आणली, आणि आणखी तासभर उजेड मिळाला असता तर एकही माणूस निसटला नसता असे त्याने लिहून ठेवले. त्याच दिवसांत दुपारी तीनच्या सुमारास शिरसोलीच्या बाजूला उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की उरलेला वेळ किती कमी होता हे वाचून कळत नाही इतके स्पष्ट कळते. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. काळी माती बुटाला थरावर थर चिकटते, आणि पांदण रस्त्यात चाक रुतले की ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते.

अडगावात पोहोचल्यावर थेट शेतात शिरू नये. आधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे जाऊन आपण कोण, कुठून आलो आणि काय पाहायचे आहे ते सांगावे. हातात कॅमेरा आणि नकाशा घेऊन धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) फिरणारा अनोळखी माणूस मोजणीवाला, नाही तर जमिनीचा दलाल वाटतो, आणि त्यात गावकऱ्यांची काही चूक नाही. ‘भाऊ, नागपूरहून आलो, जुन्या लढाईची जागा पाहतो, तुमच्या धुऱ्यावरून जाऊ का?’ एवढे विचारले की बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते, आणि पुष्कळदा शेतमालक स्वतःच सोबत चालू लागतो. नाही म्हटले तर वाद न घालता रस्त्यावरून पाहावे; सपाट मुलखात रस्त्यावरूनही पुरेसे दिसते.

शेतातून चालण्याची रीत सांभाळावी लागते. नोव्हेंबरात कपाशी फुटलेली असते, बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करत असतात, आणि कपाशीच्या ओळींमधून कोणी धसमुसळेपणाने गेला की फुटलेली बोंडे झटकून कापूस मातीत पडतो. मातकट, काडीकचऱ्याच्या कापसाला भाव कमी मिळतो. म्हणून एकामागे एक, धुऱ्यावरूनच चालावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट तारेची आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेताभोवती गुडघ्याच्या उंचीवर बारीक तार ओढलेली असते. झटका मशीनची तार असेल तर टिकटिक ऐकू येते आणि बसतो तो केवळ झटका. पण काही जण चोरून थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यात माणसे दगावतात. तार दिसली की ती कशाची आहे याचा अंदाज बांधत बसू नये, मालकाला विचारल्याशिवाय ओलांडू नये, आणि अंधार पडण्यापूर्वी शेताबाहेर यावे.

प्रत्यक्ष पाहताना दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकावे, म्हणजे इंग्रजी फौज आली त्या क्रमाने. समोर अडगाव आणि त्यामागे सातपुड्याची निळसर रांग येते. मराठ्यांच्या रांगेच्या उजव्या अंगाला भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांचे घोडदळ होते. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते, आणि पाठीशी गावातल्या बागा व कुंपणे होती. शिरसोलीजवळ जरा जास्त वेळ थांबावे. आधी याच युद्धातल्या असईच्या लढाईत तोफांपुढे न डगमगलेल्या, वेलस्लीच्या हिंदी शिपायांच्या पलटणी इथे मराठी तोफखान्याचा मारा सुरू होताच मागे पळाल्या, आणि वेलस्लीने त्यांना आवरून पुन्हा रांगेत आणले. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने नंतर लिहिले. नागपूरच्या दृष्टीने ही लढाई म्हणजे केवळ पराभवाची एक तारीख नाही, हे मला या पळापळीमुळेच वाटते. तोफा चांगल्या चालल्या होत्या.

जमिनीत काही सापडले तर खिशात घालू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. धातुशोधक यंत्र तर नेऊच नये. एकदा कोणी शेत उकरून गेला की पुढच्या पाहुण्याला गाव उभे करत नाही. पिण्याचे पाणी अकोल्याहूनच भरून घ्यावे, कारण पूर्णेकाठचा खारपाणपट्टा याच वाटेवर आहे आणि तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ असते.

गाविलगड त्याच दिवशी जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण तो टाळावा. १५ डिसेंबर १८०३ ला पडलेला हा किल्ला चिखलदऱ्याजवळ, मेळघाटच्या जंगलात आहे. तिथे वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात आणि किल्ल्याचा पसाराही मोठा आहे. अडगावहून संध्याकाळी निघून परतवाड्याला मुक्काम करावा आणि दुसऱ्या सकाळी घाट चढावा.