युद्धातून पळालेल्यांसाठी पैसे कसे उभे करायचे : क्राकुफहून एका कोल्हापूरकरणीची टिपणं

कपडे मागू नका. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तो गुरुवार होता. मी पोलंडमधल्या क्राकुफमध्ये एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. शनिवारी मी आमच्या मराठी गटावर लिहिलं, "घरातले जुने गरम कपडे आणून द्या." रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी भरून प्शेमिश्लला नेली. युक्रेनच्या सीमेजवळचं हे गाव आमच्यापासून मोटारीने अडीच-तीन तासांवर आहे. तिथल्या मदत केंद्रावरची बाई दमलेल्या आवाजात म्हणाली, "कपडे नकोत. निवडायला माणसं नाहीत." तिच्यामागे भिंतीला लागून छातीएवढा ढीग होता. आमच्या गाठोड्यांत लग्नातल्या शाली होत्या, एका पायाचे बूट होते. ते सगळं परत आणलं. सहा जणांचा एक अख्खा रविवार आणि पेट्रोल वाया गेलं. त्या वेळात आम्ही फोनवरून पैसे मागितले असते, तर सोमवारी सकाळी काहीतरी कामाचं पोचलं असतं.

म्हणून पहिलं काम मागण्याचं नाही, विचारण्याचं. जागेवर रोज उभा असलेला एक माणूस शोधा. कार्यालयातला नको, स्टेशनवरचा हवा. त्याला रात्री दहाच्या सुमारास फोन करा आणि उद्या काय संपणार आहे एवढंच विचारा. ही यादी दोन दिवसांत शिळी होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला सांगितलेल्या वस्तू अशा : चार आणि पाच नंबरचे डायपर, सॅनिटरी पॅड, पॉवर बँक, चाकांच्या बॅगा, मांजर नेता येईल अशा पेट्या. मांजराच्या पेट्या ऐकून आमच्यातल्या एकाला नवल वाटलं. पण १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती. येत होत्या त्या बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं. ज्या पोराने बापाला युक्रेनमधल्या ल्विवच्या स्टेशनवर सोडलंय, त्याच्याकडून मांजरही कुणी काढून घ्यायचं का?

वस्तू घेतल्याच, तर एका खोक्यात एकच प्रकार भरा. बाहेर नाव युक्रेनी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि साइज लिहा. मिसळलेलं खोकं कुणी उघडतच नाही.

आता पैसा, कारण खरी गरज त्याची. तेव्हाची एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. या बायकांकडे पैसे होते, पण रिव्निया, म्हणजे युक्रेनचं चलन. पहिल्या आठवड्यांत पोलंडमधली चलन बदलून देणारी बहुतेक दुकानं रिव्निया घेत नव्हती. पोलंडच्या मध्यवर्ती बँकेने मार्चच्या अखेरीस अदलाबदल सुरू केली, तीही प्रौढ माणशी १० हजार रिव्नियांपर्यंतच. तोवर पर्समध्ये महिन्याचा पगार असलेली बाई दुधाच्या पिशवीसाठी रांगेत उभी होती. आम्ही किराणा दुकानांची भेटकार्डं वाटायला लागलो ती यामुळे. कार्ड हातात आलं की बाई स्वतः दुकानात जाते, स्वतःच्या पोराला काय चालतं ते स्वतः उचलते.

हे मला सुचलं ते आजीमुळे. तिचं माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. आजी सांगायची, "त्यांची चूल घरटी वेगळी हुती. बाजारात येऊन भाव करायच्या आमच्यासारख्याच." भाव करता येणं ही आजीला सगळ्यात मोठी गोष्ट वाटायची. त्याच वळिवड्याची नात आज पोलंडमध्ये मदत गोळा करते, हे मी पोलिश सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा निम्म्या कचेरीने त्याच दुपारी पैसे पाठवले. तुमच्याकडे असा खरा धागा असेल तर सांगा. नसेल तर जुळवू नका.

आवाहन कसं लिहायचं? आमचा तिसऱ्या आठवड्यातला संदेश जसाच्या तसा देते (झ्लॉटी म्हणजे पोलंडचं चलन) :

"नमस्कार. प्शेमिश्ल स्टेशनवर उतरणाऱ्या कुटुंबांसाठी किराण्याची भेटकार्डं घेतोय. एक कार्ड १०० झ्लॉटीचं. शुक्रवारी रात्रीपर्यंत ६० कार्डं हवीत. पैसे खाली दिलेल्या संस्थेच्या खात्यात भरा, तपशिलात फक्त 'प्शेमिश्ल कार्ड' लिहा. शनिवारी आम्ही दोघं पोचवणार. रविवारी पावत्या याच गटावर. कपडे, औषधं, खेळणी कृपया आणू नका."

यात रडवणारं एक वाक्य नाही. किती, कशाला, कधीपर्यंत आणि पुरावा कधी, एवढंच आहे. आधीच्या आठवड्यात मी रडणाऱ्या मुलाचा फोटो टाकून लांबलचक लिहिलं होतं. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, पैसे थोडेच आले. त्या फोटोची मला आजही लाज वाटते. त्याच्या आईला मी विचारलं नव्हतं. निर्वासितांचे चेहरे टाकू नका, पावत्या टाका.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, आधीपासून नोंदणी असलेल्या संस्थेकडेच वळवा. परक्या लोकांच्या रकमा तुमच्या पगाराच्या खात्यात आल्या, तर करखात्याला ती तुम्हाला मिळालेली भेट दिसू शकते. डबा घेऊन चौकात उभं राहायचं तर नियम वेगळा. पोलंडमध्ये सार्वजनिक जागी रोख किंवा वस्तू गोळा करण्याआधी सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि ती संस्थेला किंवा किमान तीन जणांच्या समितीला करता येते. तुम्ही ज्या देशात असाल तिथला नियम पहिल्याच दिवशी बघा. हिशेबाला दोन माणसं ठेवा. एकाने खर्च करायचा, दुसऱ्याने पावती जुळवायची. नवरा-बायको ही दोन माणसं धरायची नाहीत.

कोल्हापूरहून मामा म्हणाला, "मीपण पाठवतो." भारतातून परदेशी संस्थेला देणगी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस, म्हणजे माणसाला परदेशी पैसे पाठवू देणारी योजना) देता येते. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पॅन लागतं, बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो आणि देणगीचा उद्देश कोड निवडावा लागतो. परदेशी संस्थेच्या देणगीवर भारतात आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. मामाच्या तालमीतल्या मित्रांनी एकत्र जमवून एकाच नावाने पाठवायचं म्हटलं, तेव्हा मी नको म्हणाले. ज्याने त्याने आपल्या नावाने पाठवावं. छोट्या रकमेला बँकेचं शुल्क जड जातं, हेही खरं. तेव्हा दोनशे रुपये देऊ पाहणाऱ्याला मी आभार मानून सांगते की ते तिथेच जवळच्या कामाला द्या.

एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली, पण शिरस्त्राणं आणि दुर्बिणींसाठी. त्याचा राग मला कळत होता. तरी नाही म्हटलं. नागरिकांसाठी मागितलेला पैसा सैन्याच्या सामानाला लागला, तर पुढच्या वेळी मदतीच्या गाडीकडेही सगळे संशयाने बघतील. औषधांचंही तसंच : डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं पिशवीत घालून सीमेवर नेऊ नका, त्याचे पैसे वैद्यकीय संस्थेला द्या.

आणि पासपोर्ट बघून मदत वाटू नका. सीमेपलीकडे युक्रेनमधल्या शेहिनीच्या बाजूला थंडीत भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थीही ताटकळले होते, त्यात आपल्या महाराष्ट्राची मुलं होती. त्यांना कार्डं देताना आम्हाला कुणी विचारलं, "ही युक्रेनची कुठं आहेत?" आम्ही म्हटलं, बॉम्ब त्यांच्याही डोक्यावर पडत होते.

गाडीने कुणाला नेणार असाल तर आधी केंद्रावर नाव, गाडीचा नंबर आणि ओळखपत्र नोंदवा. एकट्या बायका-पोरांना फसवून नेण्याची भीती तिथे सतत होती. तपासणीला कंटाळू नका, उलट तपासणी नसेल तिथे ती मागा.

एप्रिलमध्ये पैसे आटतात. बातमी मागच्या पानावर जाते आणि गरज स्टेशनवरून भाड्याच्या खोल्यांत जाते. म्हणून मार्चमध्येच, माणसं हेलावलेली असताना, महिन्याला ५० झ्लॉटी बँकेतून आपोआप जातील अशी सूचना त्यांच्याकडून लावून घ्या. आणि रात्री दहाचा तो फोन बंद करू नका. मे महिन्यात आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं : चष्मे. घाईत निघालेल्या आज्या चष्मे घरीच विसरून आल्या होत्या, आणि मुलांचे फोनवर आलेले संदेश त्यांना वाचता येत नव्हते. त्या महिन्याचे आमचे बहुतेक पैसे चष्म्यांवर गेले.