बचत गटानं, संस्थेनं काम केलं, पण गरिबी खरंच कमी झाली का हे मोजायचं कसं?

आमच्या भागात एका संस्थेनं बचत गटाच्या बायांना ४० शिलाई मशीन वाटल्या, फोटो झाले, अहवालात "४० कुटुंबं स्वावलंबी" असं छापून पण आलं. वर्षभरानं मी घरोघर फिरले तर निम्म्याहून जास्त मशीनवर गोधड्यांची चळत. एक बाई म्हणाली, "ताई, शिवायलेत तर सगळ्याच, शिवून घेणारं कोण हाय गावात?"

तेव्हापासून मी वाटप मोजणं सोडलं. किती मशीन, किती मीटिंगा, किती ट्रेनिंग ही केलेल्या कामाची यादी झाली, त्यानं घरात काय बदललं हे वेगळं मोजावं लागतं. त्याला फार काही लागत नाही, एक जाड वही, दोन शिकलेली पोरं आणि चिवटपणा.

आधी बायांनाच विचारा

गटात बसून एकच प्रश्न टाका, "अमक्या घराचं बरं चाललंय हे तुम्ही कशावरून ओळखता?" उत्तरं भराभर येतात. यंदा मुकादमाकडून (ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली नाही, पोरगी दहावीनंतर पण शाळेत जायली, दवाखान्यासाठी व्याजानं पैसे काढावे लागले नाहीत, किराण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला फिटते. यातल्या पाच-सहा गोष्टी निवडा, बास. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून १२ निकष आहेत, ते पण नजरेखालून घाला, पण सगळेच उचलू नका, कारण त्यातलं बँक खातं २०१४ च्या जनधननंतर बहुतेक घरात आहेच, ते मोजून तुम्हाला नवीन काय कळणार.

मग काम सुरू व्हायच्या आधीची नोंद, आणि महिना बघून

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की कोयते ऊसतोडीला निघतात (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम तसंच मोजतो) आणि माघारी येतात मार्च-एप्रिलला. तुम्ही जानेवारीत सर्वे केला तर गावात कोण सापडणार? म्हातारी माणसं आणि ज्यांची विहीर-बागायत आहे ते. म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचंय तेच वहीतून गायब, आणि तुमचं गाव कागदावर आहे त्यापेक्षा श्रीमंत. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर धरा, लोक निघायच्या आधी. आणि पुढच्या वर्षी पण तोच महिना, एकदा ऑगस्ट आणि एकदा मे असं केलं तर दोन्ही आकडे वाया.

घरं कोणती घ्यायची ते अध्यक्षीणबाईंवर सोडू नका, त्या आपल्या गल्लीत नेतात, त्यांचा दोष नाही, कुणीही तेच करील. सगळ्या घरांची यादी करा, ३०० घरं असली तर पहिल्या पाचातलं एक चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून पुढं दर पाचवं, म्हणजे ६० झाली. यादीत वस्ती, तांडा, गायरानावरची घरं, एकट्या राहणाऱ्या बाया आल्यात का ते दोनदा बघा.

विचारायचं कसं

"महिन्याला कमाई किती?" हा प्रश्न टाळाच. पिवळं रेशन कार्ड जाईल या भीतीनं कुणी खरं सांगत नाही आणि रोजंदारीवाल्याला तर खरंच माहीत नसतं. त्यापेक्षा मागच्या आठ दिवसात डाळ किती वेळा शिजली, आत्ता कुणाचं किती देणं आहे, घरातली किती माणसं तोडीला गेली असं विचारा. सासूसमोर सून बोलत नाही, तिला जरा बाजूला गाठा. आणि ज्यानं मशीन वाटली त्यालाच विचारायला पाठवू नका, त्याला सगळे "लई फायदा झाला" असंच सांगणार.

शेजारचं गाव

एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय ना? त्याच वर्षी पुढं पाऊस चांगला झाला. कुणी त्या एप्रिलात नोंद घेऊन वर्षानं परत मोजलं असतं तर सगळंच सुधारलेलं दिसलं असतं, संस्थेनं काही केलेलं असो नसो. आता लाडकी बहीणचे १५०० रुपये पण ऑगस्ट २०२४ पासून गावोगाव यायलेत. म्हणून जिथं आपलं काम नाही, पण तशीच जमीन, तसंच पाणी आहे असं एक गाव घ्या आणि तिथं पण तीच वही भरा.

समजा आपल्या ६० घरांत उचल घेणारी ४० होती, ती २८ झाली. शेजारी ३८ ची ३३ झाली. आपली १२ कमी झाली, पण ५ तर तिथं पण झाली, म्हणजे आपल्या कामाचं श्रेय फार तर ७ घरांचं. अहवालात ७ लिहायला जीव होत नाही, मला माहितीय. तरी तेच लिहा.

सरासरीवर थांबू नका

ती कमी झालेली १२ घरं कोणती ते बघा. ११ जमीनवाल्यांची आणि तांड्यावरचं एकच असं निघालं तर गरिबी थोडी हटली पण दरी वाढली. यासाठी वहीत सुरुवातीपासूनच जमीन, वस्ती आणि घर बाईच्या कमाईवर चालतं का हे तीन रकाने ठेवा, नंतर आठवून भरता येत नाहीत.

आकडे गटात वाचून दाखवा, नावं सोडून. बाया चुका पकडतात, कारणं सांगतात.

आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या घराला कुलूप दिसलं तर शेजारचं घर भरून ६० चा आकडा जुळवू नका. कुठं गेले, का गेले, ते शेजाऱ्यांना विचारून लिहा, त्यांच्याकडं बहुतेक फोन नंबर असतो, लावून बघा.