कमी कष्टाची आणि बारा महिने छान दिसणारी बाग कशी आखायची

खरं काम रोपं आणायच्या आधीच असतं. आधी नुसतं बघा, सकाळी, दुपारी आणि चार वाजता ऊन कुठे पडतं ते, आणि एका ऋतूत बघून भागत नाही कारण थंडीत जिथे दिवसभर सावली असते तिथे उन्हाळ्यात चांगलंच ऊन येऊ शकतं. मग फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा आणि या वेळी किती वेळ लागतो ते बघा. तासाला इंच-दोन इंच उतरलं तर निचरा मस्त. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर ओल सोसणारी झाडं लावा नाहीतर वाफा उंच करा.

आता बारा महिन्यांचं. फुलांवर सगळी भिस्त ठेवू नका प्लीज, बहर काही आठवड्यांचा, पानं मात्र रोज दिसतात. म्हणून आधी मागे सदाहरित झुडपं, मग वेगवेगळ्या पोताची पानं, खोडाची साल, फळं, आणि फुलं सगळ्यात शेवटी. कागदावर बारा महिने लिहा, कोणत्या महिन्यात काय दिसेल ते मांडा, जो महिना रिकामा दिसेल त्याच्यासाठीच पुढचं झाड शोधा. आपल्या भागातली देशी झाडं असतील तर एकदा रुजल्यावर लाड कमी लागतात. वाळलेली बोंडं लगेच कापू नका, पक्षी दाणे टिपायला येतात.

दीड मीटर पसरणारं झुडूप दीड मीटर अंतरावरच लावायचं, सुरुवातीला भुंडं दिसतं पण दाटी केली की जन्मभर छाटणी! मधल्या जागेत हंगामी फुलं चालतील.

पाणी जास्त लागणारी एकीकडे, कमी लागणारी दुसरीकडे. पहिलं वर्षभर नियमित पाणी द्यावंच लागतं, पण रोज शिंपडण्यापेक्षा अधूनमधून खोलवर मुरेल असं द्या, मुळं खाली जातात. छपराचं पाणी साठवता आलं तर उत्तमच, 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी.

आणि पालापाचोळा जाळू नका हो! दोन-तीन इंच थर झाडाभोवती पसरा, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर बुंधा कुजतो. भर दुपारी थराखाली बोट घालून बघा, वरची पानं कुरकुरीत आणि खाली माती गार, ओलसर. तणही कमी उगवतं. लॉन हवंच असेल तर बसण्यापुरतं ठेवा, पाणी आणि कापणी दोन्ही तेच सगळ्यात जास्त मागतं.