कलेजी कशी करावी, किती खावी आणि कुकर का काढू नये

कलेजी कुकरमध्ये घालायची नसते. तीन शिट्ट्या नाहीत, एक नाही, 'नुसती वाफ काढते' हेही नाही. कलेजी आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फक्त कुकरमधलीच कलेजी खाल्लेली असते.

रविवारी मटण तोलून झालं की आपण हक्काने म्हणतो, "दादा, एक तुकडा कलेजीचा टाका की." दादा टाकतात. घरी तो तुकडा मांडीच्या आणि चापाच्या फोडींबरोबर कुकरात जातो, त्यांच्याइतकाच वेळ शिजतो आणि खडूसारखा होऊन बाहेर येतो. मग "खा, रक्त वाढतं" म्हणत तो नेमका घरातल्या पोराच्या ताटात पडतो आणि पोरगं तो भाकरीखाली सरकवतं. पोराचं काहीही चुकत नाही.

करायचं कसं ते सांगतेच. पण त्याआधी 'रक्त वाढतं'चा हिशोब करू, कारण या दोन शब्दांवर आपल्याकडे फार उधारी चालते.

100 ग्रॅम कच्च्या मेंढीच्या कलेजीत साधारण 7 मिलिग्रॅम लोह असतं, कोंबडीच्या कलेजीत 9 च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. म्हणजे आठवड्यातून एकदा वाटीभर कलेजी खाल्ली तर बाईच्या त्या एका दिवसाच्या गरजेचा पंचवीस-तीस टक्के वाटा भरला. उरलेले सहा दिवस काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्या. कलेजी आणली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

कलेजीची खरी श्रीमंती दुसरीकडे आहे. मेंढीच्या त्याच 100 ग्रॅम कलेजीत अ जीवनसत्त्व 7,000 मायक्रोग्रॅमच्या पुढे असतं आणि दिवसाची गरज आहे 840 ते 1,000. म्हणजे आठवड्याची बेगमी एका जेवणात. बी-12 तर 90 मायक्रोग्रॅमच्या घरात, गरज जेमतेम दोन-अडीच. एका जेवणातून शरीर त्यातलं थोडंच उचलतं हे खरं, पण उचलेल ते भरपूर होतं. शिवाय फोलेट (फॉलिक अॅसिडचं अन्नातलं रूप), तांबं, बी-2 आणि उत्तम प्रथिनं. फोलेटमध्ये कोंबडीची कलेजी मटणाच्या कलेजीला मागे टाकते, आणि तीच स्वस्तही असते. तरी 'चिकनची काय कलेजी' म्हणून नाक मुरडणारे आहेतच.

'रक्त वाढतं' ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. 1926 मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की एका जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी रोज भरपूर कलेजी खाऊन बरे होतात. त्याबद्दल त्यांना आणि आधी कुत्र्यांवर तसे प्रयोग केलेल्या व्हिपल यांना 1934 चं नोबेल मिळालं. रोग्यांना ती रोज पाव किलोच्या आसपास खावी लागे, अर्धीकच्ची. त्यातला गुणकारी पदार्थ बी-12 आहे हे 1948 मध्ये हाती लागलं. मायनॉट-मर्फींच्या प्रयोगांच्याच सुमारास, म्हणजे 1928 पासून, ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगारांच्या घरातल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासत होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो असं त्यांनी 1931 मध्ये मांडलं. कलेजीच्या साध्या अर्कानेही गुण येई, पण शुद्ध केलेल्या अर्काने येत नसे. त्यावरून ध्यानात आलं की हा घटक वेगळा आहे. पुढे तो फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या त्या छोट्या गोळीच्या कुळकथेत मुंबई आहे, हे मुंबईकरांनासुद्धा फारसं माहीत नसतं.

आणि म्हणूनच ठणकावून सांगते: गरोदर बाईला आग्रहाने कलेजी खाऊ घालू नका. सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचं प्रेम कबूल. पण वर सांगितलेलं अ जीवनसत्त्वाचं प्रमाण सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला घातक ठरू शकतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा गरोदरपणात कलेजी टाळायलाच सांगते. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तेव्हा हा धोका पत्करायचं कारणच नाही.

गाऊट किंवा युरिक अॅसिडचा त्रास असेल, विल्सन आजार (शरीरात तांबं साठतं तो) असेल, थॅलेसेमियासारख्या आजारात वरचेवर रक्त चढवावं लागत असेल, तर कलेजी आपली नव्हे. कोलेस्टेरॉलवर औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकी मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा 75 ते 100 ग्रॅम पुरे. लहान मुलाला दोन-तीन छोट्या फोडी. रोज खायची ही वस्तू नाही, कुणी कितीही सांगो.

'कलेजीत शरीरातलं सगळं विष साठतं' हे वाक्य तर व्हॉट्सअॅपवर वर्षातून दोनदा फिरून येतं. कलेजी बहुतेक विष साठवत नाही, ते मोडते आणि पित्ताच्या किंवा लघवीच्या वाटेने बाहेर काढायला लावते. साठवते ती अ जीवनसत्त्व, बी-12, लोह, तांबं. आपण खातो ते हेच कोठार.

आता बाजारात चला.

सकाळी जा. कलेजी गर्द तांबूस, चकचकीत आणि घट्ट हवी, बोटाने दाबली की परत वर यायला हवी. हिरवट, राखाडी, चिकट किंवा आंबूस वासाची घेऊ नका. आत पांढऱ्या कडक गाठी किंवा पाण्याचे फोड दिसले तर अख्खी परत करा, 'तेवढा भाग कापून देतो' ऐकू नका. वासाची तक्रार करणाऱ्यांनी आधी खाटीक बदलून बघावा. ताजी कलेजी घाण मारत नाही, शिळी मारते. मग ती ताकात, दुधात, व्हिनेगरात कितीही भिजवा.

घरी आल्यावर पहिलं काम, आणि बहुतेक जण टाळतात ते काम: साल काढणं. कलेजीवर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो तसाच ठेवला तर तव्यावर आकसतो आणि फोड द्रोणासारखी वाकते. वाकलेली फोड कडांना करपते, मध्ये कच्ची राहते. नळाखाली कलेजी धरा, कडेला नखाने पापुद्रा उचला, अंगठा त्याच्याखाली सरकवत न्या. ताज्या कलेजीवरून तो मोठ्या पट्ट्यांनी निघतो. जाड पांढऱ्या नळ्या सुरीने कापून टाका. कोंबडीच्या कलेजीवर हिरवा डाग दिसला की तेवढा भाग सढळ हाताने कापा, तो पित्ताचा असतो आणि एका डागाने अख्खी कढई कडू होते.

फोडी दीड सेंटिमीटर जाडीच्या, सगळ्या सारख्या. कलेजी हातातून निसटत असेल तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग सरळ कापली जाते.

मॅरिनेशन? हळद, मिरपूड, जरासं आलं-लसूण, दहा मिनिटं. बस. रात्रभर दह्यात ठेवायची कृती इंटरनेटवर जिथे तिथे आहे, पण आंबटाने कलेजीचा वरचा थर पिठूळ होतो. मीठ आत्ता घालू नका. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, तव्यावर पडेपर्यंत फोडी स्वतःच्याच पाण्यात बसलेल्या असतात.

आता तो टप्पा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं.

मटणाच्या फोडीत चिवट तंतू असतात. ते मंद आचेवर बराच वेळ शिजले की विरघळतात, म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ होत जातं. कलेजीत ते जवळपास नसतातच. ती मुळातच मऊ आहे, आणि उष्णता लागत राहिली की तिची प्रथिनं आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून टाकतात. कडक झालेली कलेजी 'अजून थोडी शिजू दे, मऊ होईल' म्हणून ठेवली की ती आणखी कडक होते. तिथून परतीचा रस्ता नाही. रस्सा घाला, क्रीम घाला, काही उपयोग नाही.

म्हणून मसाला आणि कलेजी वेगवेगळं शिजवायचं. हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडत नाही. पाव किलो कलेजीला दोन मध्यम कांदे बारीक चिरून तेलात चांगले लाल करा, आलं-लसूण, चमचाभर कांदा-लसूण मसाला, तेल सुटेपर्यंत परता. कोकणातलं वाटण हवं असेल तर भाजलेल्या खोबऱ्याचं घाला. हा मसाला पूर्ण, अगदी खाण्याजोगा शिजला पाहिजे. कच्च्या मसाल्यात कलेजी टाकली की मसाला शिजेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कलेजीचं वाटोळं होतं. मसाला बाजूला काढून ठेवा.

बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक नको, ते पुरेसं तापवता येत नाही. फोडी स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. ओली फोड तव्यावर भाजत नाही, उकडते. तेल टाकून चांगलं तापू द्या. एक फोड टाकून बघा: कडकडीत चर्र आवाज आला पाहिजे. नुसतं फुसफुसलं तर फोड काढा आणि थांबा. मग फोडी एका थरात, एकमेकींना न चिकटता ठेवा. मावत नसतील तर दोन घाण्यांत करा. एकदम सगळ्या टाकल्या की तवा थंड पडतो, तळाला राखाडी पाणी सुटतं, आणि संपली गोष्ट.

टाकल्यावर हात लावू नका. आपल्याला सारखं हलवायची खोड असते. दोन मिनिटांनी खालची बाजू गडद तपकिरी होते आणि कडांवर लाल थेंब वर यायला लागतात. तेव्हा उलटा. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं. मग शिजलेला मसाला वर घाला, आच मध्यम, दोन मिनिटं हलक्या हाताने परता. सगळ्यात जाड फोड उचलून मधोमध कापा. आत लाल, ओलसर, थुलथुलीत दिसलं तर आणखी मिनिटभर. रंग तपकिरी होऊन गुलाबीची अगदी फिकट झाक राहिली आणि दाबल्यावर निघणारा रस लाल नसेल, तर झाली. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्ये 71 अंश. कोंबडीच्या कलेजीत मात्र गुलाबी झाकही चालवून घ्यायची नाही, तिच्यातले जंतू पोट बिघडवतात.

गॅस बंद, मीठ, दोन मिनिटं झाकण. लिंबू, कोथिंबीर. ताटात बसलेल्या माणसांनी कलेजीची वाट पाहायची, कलेजीने माणसांची नाही. बकरी ईदच्या सकाळी मुस्लिम घरांमध्ये बहुधा पहिली कलेजीच शिजते, कारण बाकी मटण तयार होईपर्यंत ती खाऊनही झालेली असते.

रविवारच्या मटणातल्या त्या एकट्या तुकड्याचं काय? कुकर लावायच्या आधी तो बाजूला काढा, साल काढून चार फोडी करा. रस्सा उकळला की शेवटची पाच मिनिटं त्यात सोडा. एवढंच.

ज्यांना चवच झेपत नाही, त्यांच्यासाठी खिमा. चार भाग खिम्याला एक भाग बारीक चिरलेली कलेजी, तीही खिमा शिजत आल्यावरच. प्रमाण याहून वाढवलं तर ओळखू येते आणि घरात तपास सुरू होतो. गोव्यातल्या सोरपोतेलमध्ये डुकराची कलेजी अशीच बारीक चिरलेली असते. तिखट-आंबट मसाल्यात ती वेगळी कळत नाही, त्यामुळे नवख्याला सुरुवात करायला तो पदार्थ वाईट नाही. भाकरीबरोबर मात्र तव्यावरचीच. जेवणानंतर लगेच चहा नको, भाजी-भाकरीतून येणारं लोह चहाने अडतं.

उरली तर ती पुन्हा गरम तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, दोन मिनिटांत दगड होईल. रात्री फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बारीक चिरा आणि अंडा भुर्जी उतरवायच्या वेळी तिच्यात मिसळून वाफ येईपर्यंतच ठेवा. पाव असेल तर उत्तम, नसेल तर कालची भाकरी.