घरच्या वायफायचा पासवर्ड काढायचा असेल तर

घरच्या वायफायचा पासवर्ड काढून टाकणे हे काम तसे किरकोळ आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन एक पर्याय बदलायचा आणि 'सेव्ह' दाबायचे. खरा विचार करावा लागतो तो त्याआधी दोन गोष्टींचा : आपल्याला नेमका कोणता पासवर्ड काढायचा आहे, आणि तो गेला की त्याच्याबरोबर आणखी काय जाणार आहे.

राउटरशी संबंधित किमान दोन पासवर्ड असतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. एक असतो वायफायला जोडताना मोबाइल मागतो तो. दुसरा असतो राउटरच्या सेटिंगच्या पानावर शिरताना लागणारा, ज्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. काही जोडण्यांमध्ये इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने दिलेले वापरकर्तानाव आणि पासवर्ड असा तिसरा प्रकारही राउटरमध्ये भरलेला असतो. या लेखात काढायचा आहे तो फक्त पहिला. तिसऱ्याला हात लावला तर इंटरनेटच बंद पडेल. दुसरा तर काढायचा नाहीच, उलट वायफाय खुले करण्याआधी तो बदलून अधिक पक्का करायचा आहे, कारण वायफाय खुले झाल्यावर सेटिंगच्या पानापर्यंत कोणीही पोहोचू शकतो आणि त्याला अडवायला तेवढा एकच पासवर्ड उरतो.

पासवर्डाबरोबर काय जाते

वायफायचा पासवर्ड म्हणजे दारावरचे कुलूप, अशी सर्वसाधारण समजूत असते; ती चुकीची नसली तरी अर्धवट आहे. सध्याच्या बहुतेक राउटरांवर चालणाऱ्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा हा पासवर्ड केवळ प्रवेशासाठी नसतो, तर त्याच्यापासूनच एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याच्या, किल्ल्या तयार होतात. जोडणी होताना राउटर आणि मोबाइल यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते, तीतून त्या मोबाइलपुरती वेगळी किल्ली ठरते आणि पुढचा सगळा मजकूर त्या किल्लीने बंद होऊन हवेतून जातो. पासवर्ड काढला की ही सगळी व्यवस्था संपते. राउटर आणि मोबाइल यांच्यातला संवाद मग उघड्या स्वरूपात रेडिओलहरींवर जातो आणि टप्प्यात असलेल्या कोणालाही, नेटवर्कला न जोडतादेखील, साध्या लॅपटॉपवर तो टिपून ठेवता येतो.

याचा अर्थ लगेच सगळे उघड्यावर पडते असा नाही. आज बहुतांश संकेतस्थळे एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत, वापरतात, त्यामुळे बँकेच्या पानावर आपण काय टाइप केले हे बाहेरच्याला वाचता येत नाही. मात्र आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे बहुतेक वेळा कळते. २०१० साली फायरशीप नावाची, फायरफॉक्स ब्राउझरला लावायची एक जोड (एक्स्टेन्शन) प्रसिद्ध झाली होती. खुल्या वायफायवर बसलेल्या इतरांची लॉगिन झालेली खाती ती एका क्लिकवर ताब्यात देत असे. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या संकेतस्थळांनी सर्वत्र एचटीटीपीएस आणले आणि तो धोका पुष्कळ कमी झाला.

माझ्या मते घरच्या संदर्भात अधिक मोठा धोका वेगळा आहे. वायफायला जोडलेला माणूस आपल्या घरच्या नेटवर्कच्या आत येतो. तिथे प्रिंटर असतो, टीव्ही असतो, कॅमेरा असतो, संगणकावर सर्वांसाठी उघडे ठेवलेले एखादे फोल्डर असते. आणि ही उपकरणे आपल्या नेटवर्कमधला माणूस म्हणजे घरचाच माणूस, असे गृहीत धरून बनवलेली असतात. शिवाय त्या जोडणीवरून कोणी काही गैरप्रकार केला, तर बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता आपल्या जोडणीचा असतो, हे वेगळेच.

खरेच काढायचा आहे का

पासवर्ड काढावासा वाटण्यामागची बरीचशी कारणे अशी असतात की तो न काढताही काम भागते. पासवर्ड विसरला असेल, तर तो आधीच जोडलेल्या उपकरणातून वाचता येतो. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारून 'शेअर' निवडले की क्यूआर कोड येतो, आणि बहुतेक फोनांत त्याखाली पासवर्डही लिहिलेला दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वायफायच्या तपशिलात पासवर्डाच्या ओळीवर टिचकी मारल्यास तो दिसतो. पाहुण्यांना दर वेळी लांबलचक पासवर्ड सांगण्याचा कंटाळा हे कारण असेल, तर तोच क्यूआर कोड छापून भिंतीवर लावता येतो. अक्षरे टाइप करण्याची सोय किंवा पडदा नसलेले एखादे यंत्र जोडायचे असेल, तर राउटरवरचे डब्ल्यूपीएस बटण दाबून दोन मिनिटांच्या आत यंत्रावरचे तसेच बटण दाबले की पासवर्ड न टाकता जोडणी होते.

पासवर्ड विसरल्यावर राउटर फॅक्टरी रिसेट करण्याचा, म्हणजे सगळी सेटिंग पुसून तो मूळ स्थितीत नेण्याचा, सल्लाही दिला जातो. त्याने आधुनिक राउटरचे वायफाय खुले होत नाही. ते तळाच्या लेबलवर छापलेल्या मूळ पासवर्डावर परत जाते. आणि कंपनीने दिलेले तिसऱ्या प्रकारचे तपशील त्यात भरलेले असतील तर तेही पुसले जातात. ते तपशील जवळ नसताना रिसेटचे बटण दाबू नये.

हे सगळे वगळूनही वायफाय खुले ठेवण्याची इच्छा असू शकते आणि ती मूर्खपणाची मानण्याचे कारण नाही. संगणक-सुरक्षेचे जाणकार ब्रूस श्नायर यांनी २००८ साली लिहिले होते की ते स्वतःच्या घरचे वायफाय खुले ठेवतात, कारण आलेल्याला इंटरनेट देणे हा त्यांना साधा शिष्टाचार वाटतो, आणि संगणक असा सुरक्षित असला पाहिजे की तो कोणत्याही नेटवर्कवर निर्धोक राहील. युक्तिवाद रास्त आहे. फक्त आपल्या घरातला स्वस्त कॅमेरा आणि जुना प्रिंटर त्या कसोटीला उतरतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. बहुतेक घरांत उत्तर नकारार्थी येईल. म्हणून मुख्य नेटवर्कचा पासवर्ड तसाच ठेवून पाहुण्यांसाठी त्याच राउटरवर वेगळे असलेले गेस्ट नेटवर्क तेवढे खुले करणे हाच मार्ग मी सुचवेन.

आत शिरण्याची तयारी

हे काम शक्यतो संगणकाला नेटवर्कची केबल लावून करावे. वायफायवरून केल्यास सेटिंग बदलताच आपलीच जोडणी तुटते, आणि बदल जतन झाला की नाही हे कळेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

आधी राउटरचा पत्ता शोधावा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर तो दिसतो. आयफोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात 'राउटर' या नावाने आणि अँड्रॉइडवर 'गेटवे' या नावाने तो सापडतो. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो, पण अंदाजाने टाकण्यापेक्षा पाहून घेतलेला बरा. तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांतच टाकावा लागतो. देवनागरी आकडे टाकल्यास ब्राउझर पुष्कळदा सरळ शोधयंत्राकडे जातो. पान असुरक्षित असल्याचा इशारा आला, तर पत्ता पुन्हा एकदा नीट पाहून पुढे जावे. राउटरच्या पानाला बाहेरच्या संस्थेचे प्रमाणपत्र नसते, त्यामुळे तो इशारा अपेक्षितच असतो.

आत गेल्यावर लगेच वायफायच्या सेटिंगकडे धावू नये. प्रथम ॲडमिन पासवर्ड बदलून घ्यावा. त्यानंतर 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून, इंटरनेटवरून सेटिंग बदलण्याची सोय) बंद आहे ना हे पाहावे, राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि 'बॅकअप' किंवा 'सेव्ह कॉन्फिगरेशन' या पर्यायाने सध्याच्या सेटिंगची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी. वायफायचे सध्याचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड दिसतो त्या पानाचा फोटो काढून ठेवला, तर परत फिरताना तोच सर्वांत उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष बदल

गेस्ट नेटवर्क खुले करायचे असेल, तर सेटिंगच्या यादीत 'गेस्ट नेटवर्क' हे पान उघडावे आणि ते चालू करून त्याला मुख्य नेटवर्कपेक्षा स्पष्टपणे वेगळे नाव द्यावे. त्याच पानावर पाहुण्यांना एकमेकांची उपकरणे दिसू द्यावीत का आणि त्यांना घरच्या नेटवर्कपर्यंत पोहोचू द्यावे का, असे दोन पर्याय बहुधा असतात, दोन्ही नाकारावेत. मग सुरक्षेच्या खान्यात 'नो सिक्युरिटी' किंवा 'नन' निवडून जतन करावे. वेगाची मर्यादा घालण्याची सोय असल्यास तीही लावावी, म्हणजे कोणा एकाच्या व्हिडिओपायी घरच्यांचे काम अडत नाही.

मुख्य नेटवर्कच खुले करायचे ठरले असेल, तर 'वायरलेस' या विभागात 'सिक्युरिटी' नावाचा खाना शोधावा. टीपी-लिंकच्या अलीकडच्या राउटरांवर तिथे 'नो सिक्युरिटी' असा पर्याय असतो, नेटगिअरवर 'नन', तर एसुसवर 'ऑथेंटिकेशन मेथड' या खान्यात 'ओपन सिस्टिम' निवडावे लागते. एसुसच्या बाबतीत एक ठिकाण फसवे आहे. 'ओपन सिस्टिम' निवडल्यावर खाली डब्ल्यूईपी एन्क्रिप्शनचा आणखी एक खाना असतो आणि तोही 'नन'वर असला तरच नेटवर्क खरोखर खुले होते. तिथे चुकून डब्ल्यूईपी राहिले, तर पासवर्डाची कटकट तशीच राहते आणि संरक्षण मात्र जवळजवळ शून्य. ही जुनी पद्धत मिनिटाभरात फोडता येते, हे २००७ मध्येच दाखवून देण्यात आले आहे.

अनेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांची सेटिंग वेगवेगळी ठेवतात. एका ठिकाणी बदल केला आणि दुसरे तसेच राहिले, की एकाच नावाचे नेटवर्क कधी पासवर्ड मागते आणि कधी मागत नाही, असा गोंधळ होतो. तेव्हा दोन्ही पाने तपासावीत. राउटरला ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही असेल, तर तिथे 'नन' हा पर्याय दिसणार नाही, कारण वायफायच्या प्रमाणनात त्या पट्ट्यावर एन्क्रिप्शनशिवाय नेटवर्क चालवायला मुभाच नाही. काही मेश संचांच्या (घरभर वायफाय पोहोचवण्यासाठी एकत्र चालणाऱ्या अनेक यंत्रांच्या) ॲपमध्ये तर कोणत्याच पट्ट्यावर खुल्या नेटवर्कची सोय दिलेली नसते.

६ गिगाहर्ट्झवर त्याऐवजी 'एन्हान्स्ड ओपन' किंवा ओडब्ल्यूई असा पर्याय आढळेल, आणि काही नव्या राउटरांवर तो इतर पट्ट्यांनाही मिळतो. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत पासवर्ड लागत नाही, तरी प्रत्येक उपकरण जोडणी होताना राउटरशी गुप्त किल्ली ठरवून घेते, त्यामुळे बाजूला बसलेल्याला नुसते ऐकून काही कळत नाही. समोरचा राउटर खराखुरा आपलाच आहे का, याची खात्री मात्र ती देत नाही, आणि जुन्या उपकरणांना ती समजत नाही. तरीही वायफाय खुले ठेवायचेच असेल आणि हा पर्याय राउटरवर असेल, तर 'नन'ऐवजी तोच निवडावा.

पासवर्ड काढून त्याऐवजी नेटवर्कचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचे क्रमांक) राउटरमध्ये नोंदवणे, असे उपाय सुचवले जातात. दोन्ही फारसे कामाचे नाहीत. लपवलेले नाव हवेतून वाचता येते, मॅक पत्त्याची नक्कल करता येते, आणि आजचे फोन मुळात नेटवर्कनुसार वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरत असल्याने नोंदींची यादी सांभाळणे घरमालकालाच जड जाते.

जतन केल्यानंतर

राउटर काही क्षण वायफाय बंद करून पुन्हा सुरू करेल. त्यानंतर फोनवर नेटवर्कच्या नावाजवळचे कुलपाचे चिन्ह नाहीसे झालेले दिसले पाहिजे. मुख्य नेटवर्क त्याच नावाने खुले केले असेल, तर आधी जोडलेली उपकरणे बहुधा आपोआप जोडली जाणार नाहीत, कारण त्यांच्या आठवणीत त्या नावाला पासवर्डाची पद्धत चिकटलेली असते. अशा उपकरणावर ते नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडावे लागते. फोन आणि लॅपटॉपवर हे चुटकीसरशी होते. प्रिंटर, कॅमेरे आणि टीव्ही यांच्यावर मात्र तासभर सहज जातो. गेस्ट नेटवर्क सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी दुसऱ्याच्या नजरेने एकदा तपासून पाहावे. घरचा नसलेला फोन खुल्या नेटवर्कला जोडून त्यावरून राउटरचा पत्ता उघडावा आणि मग घरच्या प्रिंटरवर छपाई करता येते का ते पाहावे. गेस्ट नेटवर्कवरून यांतले काहीही जमता कामा नये. जमत असेल, तर पाहुण्यांना वेगळे ठेवण्याचा पर्याय चालू राहिलेला नाही.

पुन्हा पासवर्ड लावताना त्याच खान्यात डब्ल्यूपीए-३ ही डब्ल्यूपीए-२च्या पुढची पद्धत निवडावी, किंवा जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा. जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवल्यास फर्गेट न केलेली उपकरणे बहुधा आपली आपण परत येतात. मात्र खुल्या नेटवर्कचे नाव ज्या ज्या फोनमध्ये साठले असेल, तिथून ते आवर्जून काढून टाकावे, कारण त्या नावाचे खुले नेटवर्क दुसऱ्या कोणी कुठेही उभे केले तरी फोन न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो.