एफएम ट्युनर उघडल्यावर सिग्नलचा रस्ता कसा ओळखायचा

जुन्या हाय-फाय एफएम ट्युनरचं झाकण काढलं की आत कॉइलच कॉइल, पत्र्याच्या छोट्या डब्या, प्रीसेट, ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे कंट्रोल) असं सगळं दिसतं आणि कशाचा काय संबंध ते कळत नाही, मग हातात स्क्रूड्रायव्हर आहेच म्हणून लोक काहीतरी फिरवून बघतात आणि बऱ्यापैकी चालणारा सेट बसतो. तसं करू नका. आधी सिग्नल अँटेनाच्या टर्मिनलपासून मागच्या आरसीए सॉकेटपर्यंत (जिथून आवाज अँप्लिफायरला जातो) कसा जातो ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की बिघाड कुठल्या स्टेजमध्ये आहे हे आवाजावरूनच बऱ्याचदा कळतं.

झाकण काढायच्या आधी प्लग काढा. पॉवर स्विच बंद असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला मेन्सचा व्होल्टेज असतोच, तिकडे चालू सेटमध्ये हात घालायचा नाही.

आता अँटेनाची वायर जिथे आत जाते तिथून सुरू करा. ती एका पत्र्याच्या बॉक्सपाशी जाईल, त्यात किंवा त्याच्या शेजारी गँग कंडेन्सर असतो, म्हणजे डायल फिरवली की ज्याच्या पट्ट्या एकमेकांत शिरतात तो. हा फ्रंट एंड. गँगचे भाग मोजा, एफएमसाठी तीन, चार, भारी सेटमध्ये पाच पण असतात. त्यातला एक लोकल ऑसिलेटरचा, म्हणजे सेटच्या आतच एक फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटचा, आणि बाकीचे आलेला सिग्नल गाळायचे. जितके भाग जास्त तितकं नको ते स्टेशन मिक्सरच्या (स्टेशन आणि ऑसिलेटर एकत्र करणाऱ्या स्टेजच्या) आधीच अडतं, म्हणून गँग बघूनच ट्युनर किती मनापासून बनवलाय याचा अंदाज येतो.

मिक्सरमध्ये काय होतं ते आकड्यांत बघू. समजा तुम्ही 93.5 मेगाहर्ट्झ लावलंय. बहुतेक ट्युनरमध्ये लोकल ऑसिलेटर त्याच्यापेक्षा 10.7 ने जास्त फ्रिक्वेन्सीवर चालतो, म्हणजे 104.2 वर. दोन्ही मिक्सरमध्ये गेले की वजाबाकी निघते 10.7, आणि पुढचं सगळं काम याच एका फ्रिक्वेन्सीवर चालतं, स्टेशन कुठलंही असू दे. यालाच आयएफ, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी म्हणतात. पण 114.9 वर काही असेल तर त्याची वजाबाकीही 10.7 च येते! ही इमेज फ्रिक्वेन्सी, हव्या त्या स्टेशनपासून बरोबर 21.4 लांब. एफएम बँड 87.5 ते 108, म्हणजे रुंदी 20.5, म्हणून एका एफएम स्टेशनची इमेज दुसऱ्या एफएम स्टेशनवर पडूच शकत नाही, पडली तर 108 च्या वर, जिथे विमानांच्या नेव्हिगेशनचे आणि संभाषणाचे सिग्नल असतात. त्यांना अडवायचं काम गँगच्या त्या गाळणाऱ्या भागांचं.

ऑसिलेटरचा भाग कुठला ते ओळखायची सोपी पद्धत आहे. प्लग परत लावून, ट्रान्सफॉर्मरपासून हात लांब ठेवून एक स्टेशन लावा, एएफसी (स्टेशन आपोआप पकडून ठेवणारं सर्किट) असेल तर बंद करा, आणि प्लॅस्टिकच्या काडीला धातूचा छोटा तुकडा लावून एकेका कॉइलजवळ न टेकवता न्या. स्टेशन सरकलं, सेंटर मीटरचा (स्टेशन बरोबर मध्यावर लागलंय का ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा हलला की तो ऑसिलेटर. नुसता सिग्नल मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) कमीजास्त झाला तर ते आरएफचं, म्हणजे आलेला सिग्नल गाळणाऱ्या भागाचं कॉइल.

मिक्सरनंतर आयएफ. इथे तुम्हाला तीन पायांचे चपटे सिरॅमिक फिल्टर दिसतील, वर रंगीत ठिपका असलेले, दोन किंवा जास्त. माझ्या मते ट्युनरचा खरा स्वभाव इथे ठरतो आणि लोक नेमकं इथेच कमी लक्ष देतात. स्टेशन पूर्ण जोरात वाजत असताना कॅरियर (स्टेशनची मूळ लहर) दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झ हलतो आणि स्टीरिओ सिग्नलमध्ये 53 किलोहर्ट्झपर्यंतचा माल असतो. कार्सनच्या नियमाने दोन्हींची बेरीज करून दुप्पट करायची, म्हणजे साधारण 256 किलोहर्ट्झ रुंदी लागते. मोनोला 53 ऐवजी 15 धरून 180 मध्ये भागतं. म्हणून 280 चे फिल्टर लावले तर आवाज स्वच्छ येतो पण शेजारचं तगडं स्टेशन आत घुसू शकतं, आणि 150 चे लावले तर शेजारी गप्प होतो पण स्टीरिओमध्ये डिस्टॉर्शन वाढतं, विशेषतः गाण्यातल्या स, श वर कळतं. पुढच्या पॅनलवर वाइड-नॅरो स्विच असेल तर तो हेच फिल्टर बदलतो. फिल्टर बदलायची वेळ आली तर एकाच ठिपक्याच्या रंगाचे घ्या, नाहीतर प्रत्येकाचा मध्य वेगळा पडतो आणि सगळी मेहनत वाया.

आयएफमध्येच लिमिटर असतो. एफएममध्ये माहिती फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असते, उंचीत नाही, म्हणून हा सर्किट सिग्नल खूप वाढवतो आणि वरखालचे शेंडे छाटून टाकतो, त्याबरोबर स्पार्कची कटकट, वरखाली होणारी ताकद हे बरंचसं जातं. सिग्नल मीटर पण साधारण इथूनच चालतो. कमजोर स्टेशनवर छाटायला पुरेसा सिग्नलच नसतो आणि सुस्स आवाज सुरू होतो. तेव्हा सेटला दोष देण्याआधी अँटेना बघा.

मग डिटेक्टर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या हलण्यातून आवाज काढणारा भाग. बऱ्याच सेटमध्ये आयएफची आयसी आणि तिच्या शेजारी पत्र्याच्या डबीत एक किंवा दोन कॉइल असतात, हा क्वाड्रेचर डिटेक्टर. आयएफ सिग्नलची एक वाट सरळ जाते, दुसरी 10.7 ला ट्यून केलेल्या कॉइलमधून 90 अंश मागे-पुढे होऊन येते, दोघांचा गुणाकार केला की फ्रिक्वेन्सी जितकी सरकली तितका व्होल्टेज मिळतो. कॉइल मध्यापासून सरकलं की एका बाजूला आवाज फाटतो. हे तपासायचं असेल तर आधी सिग्नल मीटर सर्वात वर जाईल तिथे स्टेशन लावा, मग सेंटर मीटर बघा. मध्यावर असेल तर हात लावू नका. नसेल तर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने पहिलं कॉइल अगदी हळू फिरवून काटा मध्यावर आणा, आधी मूळ जागेवर खूण करून. दुसरं कॉइल असेल तर ते कमीत कमी डिस्टॉर्शनसाठी असतं, डिस्टॉर्शन मीटरशिवाय त्याला शिवू नका, कानाने ते नाही जमत.

डिटेक्टरमधून निघालेला सिग्नल अजून स्टीरिओ नसतो. त्यात 15 किलोहर्ट्झपर्यंत डावा अधिक उजवा, 19 वर एक बारीक पायलट टोन (स्टीरिओची खूण), आणि 23 ते 53 मध्ये डावा वजा उजवा, तोही 38 चा कॅरियर काढून टाकलेला. डीकोडर आयसी पायलटवर स्वतःचा ऑसिलेटर लॉक करून 38 परत तयार करते, वजाबाकी उलगडते, मग बेरीज केली की डावा, वजा केला की उजवा. एफएममध्ये डिटेक्टरनंतरचा गोंगाट फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातो आणि वजाबाकीचा माल तर वरच्या भागात बसलेला, त्यामुळे कमजोर स्टेशन स्टीरिओत मोनोपेक्षा 20 डेसिबलहून जास्त गोंगाट करतं. मोनो केलं की एकदम शांत होतं ते यामुळे.

स्टीरिओ दिवा लागत नसेल, लुकलुकत असेल, तर डीकोडरजवळचा एकुलता प्रीसेट बघा. तगडं स्टेशन लावून तो हळू फिरवा, दिवा एका जागी लागतो आणि पुढे एका जागी विझतो, त्या दोन टोकांच्या बरोबर मधे ठेवा. फ्रिक्वेन्सी काउंटर असेल तर स्टेशन नसताना टेस्ट पॉइंटवर आयसीप्रमाणे 76 किंवा 19 किलोहर्ट्झ मिळवा, ते जास्त पक्कं.

शेवटी डी-एम्फसिस. स्टेशन प्रसारणात वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतं, ट्युनर ते तितकेच कमी करतो, सोबत सुस्स आवाजही कमी होतो. हे किती कमी करायचं ते टाइम कॉन्स्टंटवर, म्हणजे रेझिस्टर आणि कंडेन्सरच्या गुणाकारावर ठरतं, अमेरिकेत तो 75 मायक्रोसेकंद, युरोपात 50. अमेरिकन मार्केटचा सेट 50 वाल्या प्रसारणावर वापरला तर सगळं कायम मंद, झाकल्यासारखं ऐकू येतं आणि लोक उगाच स्पीकर बदलतात. मागे स्विच असेल तर तो बदला, नसेल तर डीकोडरनंतर दोन्ही चॅनेलचे रेझिस्टर आणि कंडेन्सर शोधा, 7.5 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरड म्हणजे 75, तिथे कंडेन्सर 6.8 चा केला की 51 पडतात, चालतं. दोन्ही बाजूंचे एकाच वेळी आणि सारख्याच टॉलरन्सचे बदला.